लाल लोकरीचा धागा

नंदनवन, नागपूर
गुरुवार

प्रिय चिन्मयी,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझे सासरे गच्चीत उन्हात बसून संत्री खाताहेत आणि सालं माझ्या तुळशीच्या कुंडीत टाकताहेत, यावरून काय ते समज. मलाच बसवत नाहीये. सकाळपासून तीनदा चहा ठेवला आणि दोनदा उतू घालवला. फोनवर हवामान बघायला मी दोन गावं ठेवली आहेत, एक आपलं आणि एक तुमचं, साता समुद्रापलीकडचं. आपल्या गावापुढे नऊ अंश दिसतात, आणि तेवढ्यावरच प्रेमिला भांडी घासताना ‘बाई, बोटं गळून राहिले’ म्हणून रडते. तुमच्या गावापुढे शनिवारपासून नुसतं लाल चिन्ह आहे. आधी म्हणे पडता पडता गोठणारा पाऊस, मग झाडांवर, तारांवर, रस्त्यावर बर्फाचा थर, वीज जाणार, आणि रविवारनंतर पारा उणे सतरा. उणे सतरा म्हणजे काय हे इथे कुणाला समजावता येत नाही. प्रेमिलाला सांगितलं तर म्हणाली, मंग काय फ्रिजात राह्यते का बाई ते? मला हसू आलं आणि लगेच पुन्हा फोन उघडून तुमचं गाव बघितलं.

मंगळवारी सकाळी विक्रमचा फोन आला तेव्हा तू नूपुरला झोपवायला वर गेली होतीस. वादळाची बातमी आल्यापासून तू झोपत नाहीस म्हणाला. रात्रीतून चार-चारदा उठतेस, गॅसची बटणं चाचपतेस, दाराचं कुलूप ओढून बघतेस, आणि मग नळापुढे नुसती उभी राहतेस. तू त्याला सांगितलंस म्हणे, की या वेळी नळ तू सोड, माझ्यावर सोपवू नकोस. नूपुरच्या तापाचं औषधसुद्धा आता तोच मोजून देतो. ‘आई, तिचा स्वतःच्या हातांवर भरवसाच उरला नाही,’ असं म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, दमला होता पोरगा. मी इकडून नुसती हूं हूं करत राहिले. फोन ठेवला आणि पोहे फोडणीला टाकले ते करपवले.

अगं, औषधं मोजायचं तर शिक्षण तुझं! इथल्या कॉलेजात पहिल्या पाचात आलेली तू, तिथली परीक्षा दोनदा देऊन त्या औषधाच्या दुकानात लागलीस. पांढरा कोट घातलेला तुझा फोटो मी कॉलनीभर मिरवला होता. समोरच्या कुसुमताई तर अजून बीपीची गोळी बदलली की मला गाठतात, सुनेला विचारून सांगा हो म्हणतात. आणि तीच तू एकेक बाटली तीन-तीनदा मोजायला लागलीस, काउंटरपुढे रांग तुंबायला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आलीस. आम्हाला सांगितलंस, नूपुरकडे लक्ष द्यायचंय. मी म्हणाले, बरं केलंस. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं.

मध्येच उठून फोन बघून आले. तेच लाल चिन्ह, तेच शनिवार. हे गच्चीवरून ओरडले, यमू, काहून उठबस करून राहिली? त्यांना काय, म्हणायला जातं.

तुला आठवतं, लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी तुला बोलले होते, दात घासताना नळ चालू ठेवलास म्हणून? तू माहेरी जाऊन सांगितलंस, सासू चांगली आहे पण पाण्याच्या बाबतीत हेडमास्तरीण. मला हे तुझ्या आईनेच हसत हसत सांगितलं. आता काय करणार, विक्रम लहान होता तेव्हा आपल्या गल्लीत पहाटे चारला नळ यायचा आणि साडेपाचला जायचा, धारही करंगळीएवढी. मे महिन्यात टँकरपुढे मी हंडे घेऊन भांडलेय. सीताबर्डीतून वायसर आणून गळके नळ मी स्वतः दुरुस्त करायची, कारण यांना पाना कुठल्या बाजूने फिरवायचा तेही कळायचं नाही. आता पाणी बरं येतं, तरी चार वाजता माझा डोळा उघडतोच. आणि कुठे टपटप ऐकू आली, की ती बंद केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. हात आपोआप जातो तिकडे.

आम्ही तुमच्याकडे आलो होतो त्याला तीन वर्षं झाली. नाताळच्या तोंडावर असाच इशारा आला होता. विक्रम कंपनीच्या कामाने दुसऱ्या गावी गेलेला, विमानं रद्द झाली आणि तो तिकडेच अडकला. घरात आम्ही दोघं म्हातारे, पाच वर्षांची नूपुर, आणि सगळा भार तुझ्या एकटीवर. तू मेणबत्त्या काढून ठेवल्यास, आम्हा दोघांच्या गुडघ्यांना गरम पट्ट्या बांधल्यास, आणि जेवताना आम्हाला नीट समजावून सांगितलंस, की कडक गारठ्यात पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतो. वरच्या बाथरूमचा नळ बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणून तो रात्रभर बारीक धारेने सुरू ठेवायचा, कुणी बंद करायचा नाही. विक्रमने फोनवर तेवढं एकच काम तुला बजावून सांगितलं होतं. मी तेव्हा नूपुरसाठी टोपी विणत होते. माझ्या लाल लोकरीच्या गुंड्यातून तू हातभर धागा तोडून घेतलास. तोटीला धागा बांधला की पाणी त्याच्यावरून बिनआवाजी उतरतं, म्हणजे शेजारच्या खोलीत नूपुरची झोप मोडणार नाही. मला मनातून तुझं इतकं कौतुक वाटलं. तोंडाने मी काही बोलले नाही, सासूच ना शेवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पाइप फुटला. आधी छताला पोळीएवढा ओला डाग दिसला. तू आणि मी खाली उभ्या राहून तो बघत होतो, आणि बघता बघता छताचा अर्धा तुकडा जेवणाच्या टेबलावर आला. नूपुर दोन मिनिटांपूर्वी तिथून दूध पिऊन उठली होती. ती दोन मिनिटं मला अजून झोपेतून उठवतात. तू घराचं पाणी बंद केलंस, वर धावलीस आणि पांढरीफटक होऊन खाली आलीस. नळ बंद होता. मी सोडला होता, धागासुद्धा बांधला होता, असं तू सारखं म्हणत होतीस. पण धागाही तिथे नव्हता. तू बेसिनखाली शोधलास, कचऱ्याच्या डब्यात शोधलास, नूपुरच्या खेळण्यांत शोधलास. आमच्यापैकी कुणी वर गेलं होतं का, हे तू विचारलंसही नाहीस. गुडघ्यांमुळे मी जिना चढत नाही, हे तुझ्या डोक्यात पक्कं होतं. विक्रमने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, ‘एक काम सांगितलं होतं, चिन्मयी.’

मग तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस, आई, मी तुमच्याकडून लोकर घेतली होती ना? मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. मलाही पाठ आहे. ‘घेतली होतीस गं, पण बांधायची राहून गेली असेल. किती दमली होतीस.’ वर तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतेस, की त्या दिवशी मला कुणी समजून घेतलं असेल तर सासूबाईंनी. वाढदिवसाला पहिला फोन तू मला करतेस, तुझ्या आईच्याही आधी. संक्रांतीला माझ्या तिळाच्या वड्या पोचायला उशीर झाला तर डोळ्यांत पाणी आणतेस. तीन वर्षं हे सगळं मी मिटक्या मारत खाल्लं.

मंगळवारी ते करपलेले पोहे मी कढईतून खरवडत होते, तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘यमू, त्या पहाटे मी जागा होतो. तुझी पावलं जिन्यावर ऐकली मी.’ एवढं बोलून स्वतःच ताटली घेतली आणि करपलेले पोहे खाल्ले. तीन वर्षांत हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. काहून बोलला नाही, असं विचारायला मला तोंड नव्हतं. तेव्हापासून दोन दिवस मी घरभर फिरतेय. फोन तीनदा हातात घेतला. पण फोनवर तुझा चेहरा दिसतो, तू ‘आई, जेवलात का’ विचारतेस, आणि मी भाजी काय केली ते सांगत बसते. म्हणून कागद घेतला.

तर ऐक. चारला मला जाग आली. वीज गेलेली, घर गार पडलेलं. नूपुरचं पांघरूण सरकलं असेल म्हणून मी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत वर गेले. तिच्या अंगावर पांघरूण नीट ओढलं. बाथरूमचं दार उघडं होतं. टॉर्चच्या उजेडात दिसलं, नळ सुरू होता, बारीक, अगदी तू म्हणाली होतीस तसा. तोटीला लाल धागा होता, दोन गाठी मारलेल्या, आणि पाणी त्यावरून सरसर उतरत होतं. तुझं सांगणं तेव्हा आठवलं नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला आठवलं होतं. मनात आलं, एवढ्याने कुठे पाइप फुटतो, यांचं तिकडचं काहीतरी खूळ, रात्रभर चांगलं पाणी गटारात. मी नळ बंद केला. धागा सोडला, पिळला, लोकर कशाला वाया म्हणून स्वेटरच्या खिशात टाकला. खाली येऊन शांत झोपले. आणि तू बेसिनखाली धागा शोधत होतीस तेव्हा माझा हात खिशात होता, धागा मुठीत होता, अजून ओला होता. छत पडल्याचं पाप एक वेळ देव पोटात घालेल. पण तू विचारलंस आणि मी तुझ्या शहाण्या डोक्यातच खोट काढली, ते माझं मलाच माफ करता येत नाही. ती टोपी मी पुढे विणलीच नाही.

आता साडेसहा वाजलेत, तुमच्याकडे सकाळ झाली असेल. पोस्टाने धाडलं तर हे पत्र पोचेपर्यंत बर्फ वितळून जाईल, म्हणून तुझे सासरे या पानांचे फोटो काढून पाठवताहेत. तुला आणि विक्रमला, दोघांना एकाच वेळी. तू त्याला सांगावंस आणि त्याने तुझ्याकडे पुरावा मागावा, असं व्हायला नको. शेवटच्या फोटोत धागा आहे. इतकी वर्षं सुयांच्या डब्यात ठेवला होता, टाकवला नाही. नीट बघ, तू मारलेल्या दोन गाठींच्या जागी लोकर अजून चुरगळलेली आहे. माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चीड, बोलायचं नसेल तर बोलू नकोस, खाली मी नेहमीसारखं ‘आई’ लिहिलेलंच नाही, मला काय म्हणायचं ते वादळ गेल्यावर तू ठरव. पण शनिवारी नळ विक्रमला सोडू देऊ नकोस. तो तूच सोड, तुझ्या हाताने, आणि वर धागा बांध. एकदा बांधलास की झोपायला जा. रात्रीतून परत बघायला उठू नकोस. तो काढून घ्यायला या खेपेला मी तिथे नाही.

तुझीच,
यमुताई