बेलनंतरचे तीन ठोसे

६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
वस्ताद बापाकडून पाठीवर जोरदार थाप आणि पोटभर आशीर्वाद. पार्सलात तीन पँटी आहेत. कमरेत चांगली चार बोटं आत घे. पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडून कंटाळलो. तुझ्या कटिंगच्या टेबलावरच्या बायकांना सांग, बाबा आता बॉक्सिंग क्लबच्या दारातून सरळ आत जातो, आडवा होत नाही. गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, वर्षात पंचवीसेक किलो उतरलो.

तब्येत म्हणशील तर घोडा. झोप लागत नाही, पण हवीय कुणाला? अंधार असतानाच उठून बॅगेवर तुटून पडतो. गंजी पिळावी इतका घाम. पोरांच्या हातांना पट्ट्या गुंडाळताना बोटं जरा थरथरतात. ताकद मावत नाही, दुसरं काय! परवा एक गाडीवाला मागून सारखा हॉर्न मारत होता. त्याच्या गाडीचा आरसा मी एका ठोशात उडवला. मुकाट निघून गेला बिचारा.

आपला खांब यंदा स्पर्धेला उतरतोय. टायरच्या दुकानातला तो उंच पोरगा, आता सव्वीसचा बाप्या झालाय. त्याच्यात मी जीव ओततोय. पँटी लवकर धाड आणि बापावर लोभ ठेव.
बाबा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. पँटी धाडल्या आहेत. शिवणीत कापड राखलंय, पुन्हा फुगलात तर सोडता येईल.

तो आरसा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्यावर हात उचलला म्हणून तुम्ही कितीजणांना क्लबमधून हाकललंत, मी मोजलेलं नाही. आणि आता तुम्हीच? बाबा, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढल्यापासून तुम्ही रोज ती गोळी घेता. शेवटचं रक्त कधी तपासलंत? आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ग्रंथीच नसेल तर गोळीचा डोस बराचसा वजनावर ठरतो. माणूस इतका उतरला की तोच डोस जास्त होऊ शकतो. छाती धडधडते, झोप उडते, हात कापतात, माणूस चिडका होतो. म्हणजे तुमचं अख्खं पत्रच त्यांनी न वाचता मला वाचून दाखवलं. मी रोज हेच करते ना, अंग आटलं की कपडा आत घेते? गोळीचा डोसही तसाच आत घ्यावा लागत असेल. डॉक्टरांकडे जा. रागावलात तरी चालेल, पण जा.
तुमच्या मायेची हक्कदार,
ठमी

४ मार्च

ठमे,
आशीर्वाद घे आणि पुढचं बसून वाच. तुझं पत्र मी चुरगळून फेकलं होतं. शिंपिणीने औषधं शिकवू नयेत म्हणालो होतो, तेही सगळ्यांसमोर.

खांबाचा जबडा मोडला. मी मोडला.

त्याच्याबरोबर लढणारा गडी आला नाही, म्हणून मीच रिंगमध्ये उतरलो. सराव होता, हलक्या हाताने खेळायचं ठरलं होतं. त्याने माझ्या नाकावर एक सुरेख ठोसा दिला, मी शिकवलेलाच. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. काळीज कानात वाजत होतं. बेल झाली. मला ती ऐकू आली, ठमे. त्याने हात खाली सोडले, हसला, कोपऱ्याकडे वळला. आणि मी मारलं. पहिला कानावर. दुसरा जबड्यावर, वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती, तेव्हा तिसरा. चौघांनी मला मागे ओढलं. त्यातल्या एकाच्या बरगडीत मी कोपर घातलं. मग माझे हात असे कापायला लागले की ग्लोव्ह्जच्या नाड्या कुणीतरी कात्रीने तोडल्या.

दवाखान्यात त्याचे दात तारेने बांधलेत. डावा डोळा मिटलाय. त्याच्या आईने विचारलं, कुणी केलं. मी म्हणालो, मी. तिने माझ्या तोंडात मारली, हात दुखेपर्यंत मारत राहिली. मी उभा राहिलो.

गोळ्यांची बाटली मोरीत ओतली. ते विषच नको.
बाबा

८ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या. गोळी अशी सोडायची नसते! तुमच्या गळ्यात ग्रंथी नाही. डॉक्टर म्हणाले, ती पूर्ण बंद केली तर अंग गार पडत जाईल, काळीज मंदावेल, आज ना उद्या जिवावर बेतेल. खांबाला मारलंत, आता स्वतःलाही मारणार का? तुमच्या डॉक्टर बाईंकडे आजच्या आज जा. मी रजा टाकली आहे, येतेच. माझ्यासाठी तरी जा.
ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. तू येऊन गेलीस, घर दोन दिवस माणसांत आलं. तेव्हा तोंड उघडवलं नाही, म्हणून लिहितोय.

डॉक्टर बाईंनी मला खोलीभर झापलं. काळजाचा कागद काढला, ठोके चुकत होते. रक्ताचा रिपोर्ट तू पाहिलासच. त्या म्हणाल्या, हा डोस त्या जाड्या माणसाचा होता. तो गेला, आणि त्याची गोळी तुम्ही घेत राहिलात. वजन उतरायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं. आता डोस कमी केलाय, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

क्लबचे सेक्रेटरी रिपोर्ट ऐकून खूश झाले. म्हणाले, द्या इकडे, कमिटीपुढे ठेवतो, औषधाने केलं म्हणू, तुमचं नाव शाबूत. मी बाईंना सरळ विचारलं, ठोसे गोळीने मारले की मी? त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, गोळीने काळीज पळवलं, झोप खाल्ली, माथं भडकवलं. त्यापुढचं मला सांगता येणार नाही. मला तरी कुठे येतंय? पण बेल मी ऐकली होती. रिपोर्ट दिला नाही. क्लबची किल्ली दिली.
तुझा बाप

१० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. तुमचा हट्टीपणा तुम्हालाच लखलाभ. आजार तो आजार. तो सांगितला म्हणजे कुणी पळपुटा होत नाही. तुम्ही सांगितला नाहीत, म्हणून मीच खांबाला पत्र टाकून सगळं कळवलंय. रागवा.
तुमचीच,
ठमी

२१ जून

चि. ठमीस,
बापाचा जीव आणि आशीर्वाद, दोन्ही तुझेच. रागावलो नाही. दुसऱ्यांदा रक्त तपासलं, डोस बसला म्हणतात. झोपतो. हात थरथरत नाही.

खांब घरी आला होता. तारा निघाल्यात, पण बोलताना जबडा एका बाजूला जातो. म्हणाला, ताईचं पत्र वाचलं, ते खरंच आहे हे पटलंय मला. पण वस्ताद, कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी मी दचकतो. असा लढणार कसा? सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन आला होता. मला क्लबात नेलं, रिंगच्या मधोमध उभं केलं, हात खाली ठेवायला सांगितलं. मी ठेवले. काय होणार ते दोघांनाही कळत होतं.

त्याने ग्लोव्ह्ज न घालता नुसत्या मुठीने मारलं. डाव्या हाताने. तुझा बाप पाठीवर पडला, दोन दात गेले, एक गिळलाच. छताकडे बघत पडून राहिलो. डोकं स्वच्छ होतं. राग शोधला, सापडला नाही. मग उठलो आणि तोंडाचं रक्त पुसायला हात वर केला.

तो दचकला, ठमे. रिंगच्या दोरापर्यंत मागे गेला.

मी हात खाली घेतला. मग तो म्हणाला, उद्या परत याल का? आणखी मारायचं असेल तर येईन म्हणालो. तो म्हणाला, मारायला नाही, हे दचकणं मोडायला.

आता रोज संध्याकाळी जातो. ग्लोव्ह्ज नसतात, बेल नसते. तो समोर उभा राहतो आणि मी हात वर करतो, अगदी हळू. काल माझा हात खांद्यापर्यंत आला, तोवर तो जागचा हलला नाही.
बाबा