याडीचं वजन

सुरत,
११ डिसेंबर २००६

धरमसिंग भियाले नेमसिंगचा रामराम.

घाटंजीकडं कापसाची दुसरी वेचणी आटोपली असंल. वैनीची तब्येत कशी? लहानगी चालाले लागली का? मी बरा. आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपतो, रक्त धुऊन निघते, मंग दोन दिवस माणसासारखा राह्यतो.

तू धाडलेला याडीच्या रक्ताचा न् वजनाचा कागद डॉक्टरले दाखवला. रक्तातला कचरा कमी, म्हणून मले वाटलं आईच्या किडन्या झकास. डॉक्टर म्हणे, नुसत्या त्या आकड्यावरून समजत नाही. वय न् वजन घालून हिशोब करा लागते, किडनी किती काम करते त्याचा. केला. बयाऐंशी आला. "चालंल, एक किडनी घेता येईल, बोलाव आईले," म्हणे. खोलीवर येऊन रडलो, भिया. जगतो आता, असं वाटलं.

पण चोपन किलो? आपली याडी? मागल्या पोळ्याले ती तापानं फणफणली तवा मी तिले पाठीवर घेऊन नाला ओलांडला. वजन लागलंच नव्हतं. म्हणून तिले काट्यावर नेणाऱ्या आपल्या शेजारच्या गोविंदाले फोन लावला.

"काट्यावर कशी उभी राह्यलती बे याडी?"

"कशी म्हंजे? कापसाच्या काट्यावर. आरशाचा घागरा, नाण्याची ओढणी, हातभर बांगड्या, पायात कडे. मी म्हणलं उतरव, तं मलेच म्हणे, मेल्यावर उतरवजो!"

हसलो. मंग हसू आटलं.

लय दिवस तोंड शिवून बसलो. म्हणलं, डॉक्टरले काय कळते. आज सांगून टाकलं. त्यानं अंदाजानं नऊ किलो वजा करून पुन्हा हिशोब मांडला. अडुसष्ट. "तिच्यापुरत्या बऱ्या आहेत," म्हणे, "पण एक काढली तर उद्या तीबी तुह्या बाजूच्या पलंगावर येईल." तिचं नाव खोडलं.

याडीले खरं सांगू नोको. रक्तगट जुळला नाही म्हण. नाहीतं वजन वाढवाले दिवसभर भाकरी खात बसंल.

बाकी लिहासारखं काही नाही.

डॉक्टरनं विचारलं, भाऊ नाही का? म्हणलं, आहे. त्याले लेकरं आहे.

भिया, पहिले नुसतं रक्त तपासते. तपासल्यावरबी मागं फिरता येते. वैनीले इचार. नाही म्हणाचं असंल तं नाही लिव्ह, पण लिव्ह. तुह्यावर राग धरणार नाही, असं लिहाले घेतलं न् खोडलं. काय माहीत, धरीनबी.

जगण्याची लालूच सुटत नाही असा,
तुहा लहाना
नेमसिंग