गावठी टोमॅटो आणि ह्यांची रुबी

१४ सप्टेंबर १९८६, रविवार
गौरी-गणपती गेले. दरवर्षी ह्यानंतर दोन दिवसांत हे मुंबईची एस.टी. धरतात. ह्या वेळी नाही. रंगाची कंपनी बंद झाली, कायमची. आले तेव्हाच ट्रंक आणि वळकटी बरोबर होती, पण सणात कुणी विषय काढला नाही. आज चहा पिताना हेच म्हणाले, "आता इथंच." सासूबाईंनी "बरं झालं" म्हटलं नि डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "साखर पुरे का?" लग्नाला एकोणीस वर्षं झाली, लेक चिपळूणला सासरी गेली, आणि ह्यांना चहात साखर किती लागते ते अजून विचारावं लागतं.

१६ सप्टें.
माझी बालवाडी सुटल्यावर घरी आले तर मांडणीवरचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेले. हे कंपनीत पॅकिंगला होते, त्यामुळे हात शिवशिवतात. हळद सापडेना, मिठाच्या जागी पोहे. रागवणार होते. पण हे घामेजलेला चेहरा घेऊन इतक्या आशेनं बघत होते की "छान दिसतंय" म्हटलं. सा.बाई मागच्या दारी मला हळूच: "त्याला काय तरी काम दे गो. नायतर घर उपसून काढील."

१८ सप्टें.
बी काढलं. दरवर्षी ह्याच सुमारास काढते. भात कापून झालं की खालच्या मळ्यात, पऱ्याच्या ओहोळाकाठी आपले भाजीचे वाफे. गावठी टोमॅटोचं बी फडक्यावर राखेत वाळवून ठेवलेलं, माझ्या लग्नाआधीपासून घरातलं. मिरची सा.बाईंची, आखूड आणि जहाल.
हे बाजूला येऊन उकिडवे बसले. "ते चपटे, चिरा पडलेले, आंबटढाण टोमॅटो? अजून तेच लावता?"
"तेच. का?"
"अगं, भायखळ्याला जाऊन बघ. गोल, गुळगुळीत. आणि रंग! हा तुमचा लाल नव्हेच, हा विटकरी."
वीस वर्षं रंगाचे डबे भरले, त्यामुळे लाल कशाला म्हणायचं हे घरात आता तेच ठरवणार.

२१ सप्टें., रवि.
भांडण नव्हे, पण जवळपास. पऱ्याचं पाणी शिमग्यापर्यंत कसंबसं पुरतं, म्हणून वाफे मोजकेच. एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे काढायचे. ह्यांनी सारवलेल्या पडवीत कोळशानं मळा काढला. चौकोन अगदी सुबक. ह्यांचं म्हणणं, टोमॅटो सगळा विकतच्या बियाण्याचा, पुसा रुबी. मिरचीसुद्धा ज्वाला, लांब आणि दिसायला चांगली.
मी म्हटलं, "आमच्याकडे टोमॅटोची रोपं उभ्या उभ्या मरतात. सकाळी हिरवीगार, संध्याकाळी मान टाकलेली. गावठी तेवढा टिकतो. बाहेरचं बी आणलं की मर लागलीच."
"कुणी आणलं होतं बाहेरचं?"
आठवून बघितलं. कुणीच नाही. ऐकीव सगळं. 
सा.बाईंनी शेणाच्या पाण्यानं ह्यांचा मळा पुसून टाकला. "मिरची माझी. तिला कुणी हात लावायचा नाय."

२४ सप्टें.
झुलेखाभाभी सुकी मासळी घेऊन आल्या. मिरकरवाड्याहून टोपली घेऊन आमच्या वाडीपर्यंत येतात, वर्षानुवर्षं. मीच म्हटलं, भाभींना विचारू, त्या दहा घरची चूल बघतात.
भाभी: "म्हावऱ्याच्या सारात गावठीच पायजे. त्या गुळगुळीताला आंबटपणा नाय, नुसती लाली."
मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आढ्याकडे.
मग भाभीच पुढे: "पण भाऊ, स्टँडाजवळचे हॉटेलवाले तेच मागतात. चकत्या गोल पडतात ना."
आता ह्यांनी माझ्याकडे बघितलं.
भाभी बोंबील देऊन, चहा घेऊन गेल्या. निकाल काही दिला नाही. पण जाताना मला म्हणाल्या, "घरात पुरुषमाणूस बोलताना ऐकला मी आज. बरं वाटलं."

२७ सप्टें., शनि.
हे रत्नागिरीला जाऊन बियाणं घेऊन आले. पुसा रुबी. ज्वाला. आणि भोपळी मिरची, जिचा विषयसुद्धा झाला नव्हता.
"ही कशाला?"
"पाकिटावरचा हिरवा बघ. असा हिरवा मी कंपनीत कधी बघितला नाही."
मग चष्मा लावून पाकिटामागचं मोठ्यानं वाचायला लागले. जमीन, निचरा, अंतर. पुढे, "थंड हवामान मानवते." थांबले.
पडवीत घामाच्या धारा लागलेल्या.
सा.बाई: "थंड म्हंजे किती रे? मी काय विंझण्यानं वारा घालत बसू तिला?"
हे आधी हसले. मग आम्ही दोघी. पोट दुखेपर्यंत. सण नसताना आम्ही तिघं मिळून असं हसलेलं मला तरी आठवत नाही.

२ ऑक्टो.
बालवाडीला सुटी. वाटणी ठरली एकदाची. टोमॅटोचे वाफे निम्मे गावठी, निम्मे रुबी. मिरची सा.बाईंची, एक वाफा ज्वाला. भोपळीला मोरीच्या पाण्याजवळची सावलीची जागा, म्हणजे त्यातल्या त्यात थंड.
परसात रोपासाठी वाफे केले. माझा हातानं, जरा वाकडा. ह्यांचा सुतळी लावून. मी बी राखेत कालवून फेकलं. हे बघत राहिले.
"राख का?"
"मुंग्या बी ओढून नेतात."
मग ह्यांनीही राख घेतली. पण फेकली नाही. बोटानं रेघ ओढून एकेक बी ठेवलं. सकाळ गेली त्यात. सा.बाईंनी त्यांची मिरची पडवीच्या वळचणीला कधी पेरली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

८ ऑक्टो.
माझा गावठी उगवला. हे फक्त आपल्या वाफ्याकडे बघून आले. परत गेले. परत.

१० ऑक्टो.
वाटण वाटत होते. परसातून हाक आली, "सुमन! सुमन, लवकर ये!"
मी पाटा तसाच टाकून धावले. म्हटलं, जनावर निघालं की काय. तर रुबी उगवलेली. सरळ रेघेत, कुणी टाके घातल्यासारखी. हे गुडघ्यावर बसलेले.
ह्या घरात मला नावानं कुणी हाक मारत नाही. "अगं", नाहीतर "सुधाची आई". माझं नाव ह्यांना पाठ आहे हे आज कळलं. हात वाटणाचे, तशीच उभी राहिले. बघत रुबीकडेच होते असं लिहून ठेवते.

१५ ऑक्टो.
दुपारी बालवाडीत मुलं झोपवत होते आणि आभाळ कोसळलं. एकदम. हा परतीचा पाऊस कसा येतो ते मला माहीत आहे, पण नुकती दोन पानं फुटलेल्या रोपांना काय माहीत. मुलं सोडून निघता येईना. आया न्यायला आल्या तेव्हा धावत सुटले.
परसात चिखल. ह्यांचा वाफा सपाट, रेघा-बिघा काही नाही, सुतळी तेवढी तरंगत होती. आणि माझ्या वाफ्यावर ताडपत्री. भात झाकायला घरात एकच आहे, ती. एका कोपऱ्याला दगड मिळाला नसणार, म्हणून तो कोपरा हे स्वतः धरून बसलेले. चिंब.
मी ओरडले, "अहो, तुमची रुबी गेली ना सगळी!"
"गेली."
"मग ही ताडपत्री तिच्यावर नाही घालायची?"
"रुबी दुकानात मिळते. तुझं बी कुठल्या दुकानात मिळतं?"
 दुसरा कोपरा धरून मीपण बसले. पाऊस थांबेपर्यंत दोघं तसेच, मधे ताडपत्री. सा.बाई दारातून: "माझ्या मिरच्या वळचणीला हाईत गो, बऱ्या हाईत! तुमी दोघं आजारी पडा आता!"

१७ ऑक्टो.
हे शिंकतायत. रोपं ठणठणीत.

१८ ऑक्टो., शनि.
ह्यांना न सांगता र.गिरीला गेले. बियाण्याच्या दुकानात पहिल्यांदा एकटी. केवढी पाकिटं. दुकानदार म्हणाला, "ताई, रुबीच कशाला? ही दुसरी बघा, मोठं फळ." हातात घेऊन बघितली. फळ खरंच मोठं. म्हटलं, मर कुणाला लागत नाही? तो प्रामाणिक निघाला. "ते तुमच्या जमिनीला विचारा."
बराच वेळ उभी होते. शेवटी रुबीच घेतली. ज्याच्या मनात जे आहे ते त्यानं एकदा लावून तरी बघावं. मरायची तर आमच्या मातीत मरू दे, माझ्या तोंडून नको. ज्वाला घेतली. भोपळीसुद्धा, चित्र बघून. हिरवा खरंच वेगळा आहे.
घरी पाकिटं ह्यांच्यासमोर ठेवली. उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, "उशीर झालाय. पण होईल." मग ताडपत्रीला चार बांबू ठोकून मांडवच घातला. ह्या वेळी राख फेकली. रेघ नाही.

२६ ऑक्टो., रवि.
बाबाजी आला होता, ह्यांचा मुंबईचा खोलीतला जोडीदार, खालच्या वाडीतला. दिवाळीला आलाय. त्याच्या ओळखीनं एका गोडाऊनवर राखणदाराची जागा आहे. राहायला खोली. तुळशीचं लग्न झाल्यावर तो परत जाणार, तेव्हा बरोबर चल म्हणतोय.
हे जेवताना सांगत होते, आजचं हवामान सांगावं तसं. सा.बाईंचा घास हातात राहिला. मी म्हटलं, "चांगलं आहे की."
का म्हटलं? भांडी घासताना स्वतःवरच चिडले. एकोणीस वर्षं हे मुंबईत होते, माझं काही अडलं नाही. घर केलं, मळा केला, सुधाचं लग्न केलं. आता दीड महिन्यात काय एवढं...

२ नोव्हें.
दिवाळी. सुधा आली चिपळूणहून. "आई, बाबा कुठायत?" "परसात." तिला खरंच वाटेना. बाहेर जाऊन बघून आली नि हसत सुटली. बाबांनी तिला दोन्ही वाफे दाखवले. गावठीचं पान कुस्करून हुंगायला लावलं, मग रुबीचं. "फरक कळतो?" तिला कळला नाही. बाबांना कळतो म्हणे.
बाबाजीच्या नोकरीचं सुधाला कुणी सांगितलं नाही.

९ नोव्हें., रवि.
गावठीची लावण केली. ऊन कलल्यावर, नाहीतर रोप माना टाकतं. मी लावत गेले, हे मागून पाणी घालत. सा.बाई बांधावर बसून हुकूम सोडत. मिरच्याही लावून झाल्या.
काम करताना म्हणाले, "गोडाऊनवर काम काही नसतं. बसून राहायचं."
"हं."
"पण पैसा बरा."
"हं."
मला पुढचं रोप द्या म्हटलं. दिलं.

१२ नोव्हें.
गावठीतलं एक रोप मेलं. सकाळी हिरवं, संध्याकाळी गेलं. मी म्हटलं होतं गावठीला लागत नाही! हे जिंकल्यासारखे बघतील असं वाटलं होतं. पण उपटून हातात घेऊन उभे राहिले, एवढंसं तोंड करून. मीच समजूत घातली. "एखादं जायचंच." लांब नेऊन टाकलं ते.
रुबीला वाफे नेमून दिले. पऱ्याच्या जवळचा, चांगल्या उन्हाचा वाफा रुबीला दिला.
"ती तुझी जागा ना?"
"बघू या की यंदा."

१५ नोव्हें., शनि.
झु.भाभींकडून मासळीचं खत आलं. वास घरभर. भाभींना बाबाजीचं कुठून तरी कळलेलं. मला बाजूला घेऊन, "तू त्याला सांग ना, ऱ्हा म्हणून."
"मी कशी सांगू?"
"तोंडानं," भाभी म्हणाल्या.
बाबाजी परवा सकाळच्या एस.टी.नं निघतोय. हे उद्या त्याला काय ते सांगणार.

१६ नोव्हें., रवि.
रुबीची लावण आज झाली. रोपं लहान आहेत, पण धीट. भोपळी मोरीजवळ लावली, अगदी थोडी. माती बसवताना ह्यांचा हात माझ्या हाताच्या बाजूला होता. मी तेव्हा बोलणार होते. वाक्य मनात तयार होतं. "अहो, तुम्ही..." एवढं म्हटलंसुद्धा. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "...तुमच्या पायाखाली रोप आहे."
नव्हतं.
मग पाय धुऊन पडवीत चहा. बाबाजीकडे दिवेलागणीला जाणार म्हणाले. सा.बाईंना विचारलं, "आई, हे मासळीचं खत आता घालायचं की मागाहून?"
"फुलं धरल्यावर."
"फुलं कधी धरतील?"
सा.बाई त्यांच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "नाताळाच्या पुढं. तवर अससील ना रे?"
हे हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कप खाली ठेवला, कळशी उचलली आणि खाली मळ्याकडे चालू लागले. बाबाजीचं घर त्याच वाटेनं पुढं आहे.
रुबीला पाणी मी लावतानाच घातलं होतं, पोटभर. त्यांनी बघितलंही होतं.
मी पायरीवर बसून आहे. दिवेलागण होऊन गेली तरी खालून कळशीचा आवाज येतोय.