सर्वांत उंच जागा

२ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे. नोंद नसेल तर उद्या लोक विचारतील, हे सुचलं कुणाला? आजवर ऑफिसात रस्त्यांचे आणि गटारांचे नकाशे काढले. आता शेतं. ताईचं आणि शेजारच्या सहा घरांचं, प्रत्येकाचं रुमालाएवढं. पाणी विहिरीवरून कळशीनं. माझी योजना: सर्वांत उंच जागी एक टाकी. सकाळी मागून आणलेल्या इंजिनानं ती भरायची, मग दिवसभर बारीक नळ्यांतून पाणी आपोआप शेतात. खर्च जवळजवळ नाहीच. योजनेचं नावही 'आपोआप'. फक्त उंच जागा शोधायची, ती उपग्रह दाखवतो.
संकल्प: रोज पाचला उठणे.

३ मार्च, सकाळी ९
गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तिनं उठून बंद केला. चौकशी चालू आहे.

५ मार्च
सापडली. नकाशात उंच ते तांबडं, सखल ते निळं. शेतांच्या टोकाला, निळ्याच्या मधोमध, एक लालबुंद ठिपका. टेकडी! मी त्याच वस्तीत वाढलो, पण तिथे टेकडी असल्याचं आठवत नाही. लहानपणी निरीक्षण कच्चं असतं. उपग्रहाला बालपण नसतं, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवावा.
शेजारच्या टेबलावरच्या शंकासुरानं विचारलं, ही उंची जमिनीची की जमिनीवर जे उभं आहे त्याची? आणि जागेवर जाऊन आलास का? पोटदुखी, दुसरं काय. साहेबांनी मात्र नकाशा भिंतीवर लावायला सांगितला. रंग छान आलेत म्हणाले.

८ मार्च, रविवार
आज जागेवर जाणार होतो. पण शेतात चालायचं तर बूट तसे हवेत. दिवस बूट घेण्यात गेला. सोबत एक हॅटही.

११ मार्च
बूट चावतात. घरातल्या घरात घालून सैल करतोय. बायको म्हणते, शेत राहिलं बाजूला, तू हॉल नांगरायला घेतलास.
ताईचा फोन. मिरची-वांग्याची रोपं तयार आहेत. कळशीवर एवढी जगवता यायची नाहीत, टाकी झाली की लावायची. सहा घरांना तिनं शब्द दिलाय. टाकी कुठे, विचारत होती. जागा पाठवली. लगेच परत फोन. म्हणे, ते तर बांबूचं बेट. मी म्हटलं, बांबू टेकडीवरही उगवतो. मग ती माझ्या लहानपणीच्या टायरचं काहीतरी सांगायला लागली. ताईचं हे असंच, कामाचं बोलावं तर आठवणी काढते. मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. मीटिंग आहेच, पुढच्या आठवड्यात.

१५ मार्च, रविवार
टाच सोलली. जाणं रद्द. विचारांती वाटतं, जाऊच नये. जवळ गेलं की माणूस बारीकसारीक गोष्टींत अडकतो, मोठं चित्र हरवतं. हे वाक्य भाषणात घालणे. भाषण कुठे, ते ठरायचंय.

१८ मार्च
भाऊजींचा फोन. बांबूपाशी ओटा बांधून झाला, टाकी बसवली, नळ्या पसरल्या. विचारत होते, पाणी वर चढणार कसं? मी समजावलं, भाऊजी, चढत नाही, उतरतं. ते म्हणाले, बरं, तू म्हणतोस तर. पटलेलं दिसतं. शेजारीपाजारीही कुरकुरत होते म्हणे, पण ताईनं सगळ्यांना गप्प केलं. माझ्या भावानं केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार, असं म्हणाली. रोपं उद्या लावताहेत.
बरं वाटलं. पाचचा गजर लावला आहे.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळ
उद्घाटनाला गेलो. बूट, हॅट, सगळं घालून.
टेकडी दिसेना. एक खळगा होता, त्यात आभाळाला टेकलेले बांबू, आणि त्यांच्या पायाशी आमची टाकी. उपग्रहानं शेंडे मोजले होते.
इंजिनानं टाकी भरली. भाऊजींनी चावी सोडली. सात घरची माणसं नळीच्या तोंडाकडे बघत उभी. मी म्हटलं, हवा अडकली असेल. नळी तोंडात धरून ओढली. माती आली. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ताई रोपांकडे बघत होती. उन्हानं त्यांनी माना टाकल्या होत्या.
ती चिडली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "वेड्या, तू वरच्या फाटकापासून टायर सोडायचास. तो कुठे जाऊन थांबायचा?"
बांबूत. रोज. आपोआप. आणि परत वर आणायचं कोण, तर ताई.
लाज वाटली. खरंच वाटली.
मग सगळ्यांनी कळश्या उचलल्या, मीही उचलली. रोपं आजच्यापुरती तरली. टाकी लगेच फाटकापाशी न्यायची ठरली. रिकामी केली, आडवी पाडली. गोल आहे, ढकलायला सोपी. ताई एका बाजूला, मी दुसऱ्या. भाऊजी म्हणाले, तू राहू दे. मी म्हटलं, ही जबाबदारी माझी आहे. चढ चांगलाच आहे. नकाशात तो दिसत नाही.
फाटक हाताच्या अंतरावर आलं आणि माझा बूट घसरला.
टाकी कुठे जाऊन थांबली ते लिहीत नाही. ताई पदर खोचून खाली निघाली. बूट हातात घेऊन मी तिच्या मागोमाग.