तबकडीतला पाहुणा काय म्हणाला?

दोस्ता यासीन,

काल शुक्रवार होता. कापडाचे लूम बंद. तू गेल्यावर पहिल्यांदाच तुझ्या व्हिडिओच्या खोलीत तो सिनेमा लागला. इंग्रजीचं हिंदी करून सांगायला तू बसायचास, त्या स्टुलावर मी होतो. अर्ध्यातच माणसं उठून गेली रे! सगळी! म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझी बायको जुबेदा दारात उभी होती. म्हणाली, "दत्ताभाऊ, पुढच्या शुक्रवारी पण असंच झालं, तर खोली मी सुताच्या गोदामाला देते. रिकामी बघवत नाय मला."

काय उत्तर देऊ तिला?

किती हिणवायचो मी तुला! "अमेरिकेची भुतं दाखवतोस कामगारांना? त्यांच्या हक्काचं सांग काहीतरी!" तू कॅसेट पुसत हसायचास. "ते तू युनियनच्या गेटसभेत सांग ना, नेत्या. तुझ्याकडं टाळ्या वाजतात, माझ्याकडं माणसं बसतात."

बसायचीच! मारामारीच्या रंगीत कॅसेटी फळीवर पडून, आणि हा काळा-पांढरा, जुनाट सिनेमा! परग्रहावरून आलेल्या उडत्या तबकडीला बांधलेली तारसुद्धा दिसते. तरी आझमगढचा, तेलंगणाचा, आमच्या खारबावचा, सगळे मांडीला मांडी लावून बसत. तबकडीचं दार उघडायचं, परका उतरायचा, शिपाई बंदुका रोखायचे, आणि खोलीचा श्वास अडकायचा. का? पत्र्याची पेटी घेऊन या गावात उतरलेल्या प्रत्येकाकडं असंच बघितलं गेलं होतं, यासीन! आधी संशय, नाव विचारणं मग. एवढी पुस्तकं वाचलेल्या मला ते दिसलं नाही.

आणि तू सांगायचास, "भाईलोग, वो बोल रहा है, दूर से आया हूँ, थोड़ा पानी मिलेगा?"

पाणी! त्या सिनेमात पाणी कुठं आहे? तो म्हणतो, शरण या, ही जमीन आता आमची. शेवटी शिपाई त्याला मारतात, पडद्यावर विजयाचा बँड वाजतो, आणि खाली तुझी माणसं डोळे पुसत बसलेली!

मग तो शुक्रवार. हिंदू-मुसलमान दंगल होऊन गेलेली, संचारबंदी नुकती उठलेली. तू हाच सिनेमा लावलास आणि मी भर खोलीत उभा राहिलो. "खोटं सांगतोय हा! तो शत्रू आहे, जमीन बळकावायला आलाय!" सत्याचा केवढा पुळका होता मला! तू हळूच म्हणालास, "इंग्रजी तुला येते, नेत्या. पण समोर कोण बसलंय ते तरी बघ."

मला ओरडला का नाहीस? चारचौघांत झापलं असतंस तर बरं झालं असतं! माफी मागायला मी महिने लावले, आणि तू तेवढे थांबला नाहीस, कबरीत जाऊन झोपलास.

काल मी पुन्हा तेच केलं. शब्दाला शब्द, अचूक. लूमवरचा म्हातारा रामखिलावन उठला. "साहब, भाषन मत दीजिए. ये यासीनभाई का मेहमान नहीं है." त्याच्यामागून बाकीचे.

मी तुझ्यासारखं सांगायला बघितलं रे! पण पाणी मागितल्यावर तो पुढं काय म्हणायचा? शिपायाला काय सांगायचा? मरताना काय बोलायचा? मला काही, काहीच आठवत नाही! इतकी वर्षं मागच्या भिंतीला टेकून मी फक्त तुझ्या चुका मोजल्या. ऐकलं कधीच नाही.

सहा दिवस उरलेत. यासीन, शब्द देतो. उद्यापासून एकेका कारखान्यात जाईन. त्या खडखडाटात रामखिलावनच्या तोंडाशी कान नेईन, प्रत्येकाच्या नेईन, आणि विचारीन, "मग काय म्हणाला तो? मग?" ते हसतील, हाकलतील, तरी विचारीन. जेवढं सांगतील तेवढं, तसंच्या तसं, शुक्रवारी त्यांच्यासमोर बोलेन. चुकलो तर ते टोकतील. टोकू देत! टोकायला तरी बसतील.

उशिरा ऐकायला निघालेला,
दत्ता