तुटक्या काट्याची वाटणी

मी, सुखदेव भागुजी ओव्हाळ, वय ७३, व्यवसाय गाड्यांचे मीटर दुरुस्त करणे, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणण्याइतका वेळ घरात कोणाला नाही.

१) राहती सदनिका व बँकेतली शिल्लक पत्नी सुंदराबाई हिला. एक्केचाळीस वर्षे तिने माझी बडबड ऐकली, त्या मानाने हे काहीच नाही.

२) चिरंजीव राकेश यांना माझे दोन चहाचे चमचे. मीटरचा काटा दोन बाजूंनी चमचे घालून सरळ वर उचलायचा असतो, हे त्यांना वीस वर्षे सांगितले. त्यांनी मोबाइलवर कोणाचे तरी पाहून माझ्या १९६७ च्या जावा मोटारसायकलच्या मीटरचा काटा पेचकसाने उचकटला. दोन तुकडे झाले. "अप्पा, नवीन ऑर्डर करू ना, त्यात काय!" असे वर म्हणाले. चमचे निदान साखर ढवळायला तरी वापरावेत.

३) शेजारी श्री. आनंद केळकर यांना काही नाही. माझ्या दारासमोरची जागा त्यांच्या गाडीने तेरा वर्षांपूर्वीच वारसाहक्काने घेतली आहे.

४) जावा, सर्व हत्यारे व दुकानाचा गाळा कन्या पूर्वा हिला. कारण लिहिणे भाग आहे.

तो काटा मी कथलाचा डाग देऊन जोडला, तो जड झाला. गाडी साठने पळायची, काटा चाळिसावर लोळायचा. "मीटरला जरा वेळ द्यावा लागतो," असे मी लोकांना ऐकवत होतो. एके दिवशी एक ते चार दुकान बंद ठेवून मी घरी झोपलो असताना पूर्वाने माझा डाग काढला आणि खराट्याचा हीर बारीक तासून काट्याला मागून चिकटवला. संध्याकाळी काटा बरोबर चालू लागला. कोणी केले ते मला तेव्हाच कळले. मी विचारले नाही. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्याच काट्याबद्दल ढाल मिळाली, ती मी घेतली. पूर्वा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती.

पुढे तिने दुकानाच्या पाटीवर आपले नाव घालायला सांगितले, तेव्हा "हे मुलींचे काम नव्हे" असे मीच म्हणालो. तिने कात्रजला स्वतःचे दुकान काढले. "कात्रजला दूध चांगले मिळते, दुरुस्ती नाही," असे सांगून मी तिची गिऱ्हाइके फिरवली. याची मला लाज वाटते.

आमच्या धंद्यात दुरुस्ती करणारा तबकडीच्या मागे आपले नाव लिहितो. बारा वर्षांत न उघडलेला तो मीटर मी गेल्या महिन्यात उघडला. तबकडीमागे पूर्वाच्या अक्षरात लिहिले आहे: "दुरुस्ती: सुखदेव ओव्हाळ."

त्याखाली मी तिचे नाव लिहिले आहे. वरचे खोडलेले नाही, कारण अक्षर तिचे आहे. दुकानाची नवी पाटी रंगवायला दिली आहे. तेवढ्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

साक्षीदार:
१) नम्रता जगताप
२) आनंद केळकर (गाडी दारातच असल्याने लगेच सापडले)

पुणे, दि. ९ नोव्हेंबर २०२५

सही, या वेळी माझ्याच अक्षरात:
सुखदेव भागुजी ओव्हाळ