ताहेरच्या करवतीची दुसरी मूठ

पनवेल, शनिवार
मे १९५७

ती. मामा,

काशीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात शाबूत आहेत हे मुद्दाम कळवतो. कारण पुढे येईल.) तुमच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पट्टी अजून सुटलेली नाही आणि डॉक्टरांनी शिंकायलासुद्धा मनाई केली आहे, असा मामींचा निरोप आला. म्हणजे तपकीर बंद. तुमचे काय हाल होत असतील ते मला इथे बसून दिसतंय. मामी बऱ्या असतील. आमचं सगळ्यांचं ठीक. आता पंचाईत अशी, की तुमच्या डोळ्यांना पट्टी आणि मामींना अक्षरओळख नाही, तेव्हा हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार कोण, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ होळीनंतर रागावून तुमच्याकडे येऊन बसला, तेव्हापासून आमचा अबोला आहे. तो मी मोडलेला नाही. हे पत्र तुम्हाला आहे, त्याला नाही. त्याने फक्त वाचायचं काम करायचं, आणि लिहिलंय तेवढंच वाचायचं, पदरची भर घालायची नाही. कंसातला मजकूर मोठ्याने वाचायची गरज नाही. (ऐकलं ना?)

विषय करवतीचा आहे. इंजिनवर चालणारी, पेट्रोल पिणारी, साखळीला दात बसवलेली करवत. नवी नव्हे, लढाईच्या वेळची आहे. लष्कराच्या लिलावातून ती एका जंगलच्या ठेकेदाराकडे गेली, त्याने कर्जतच्या बाजूला झाडं पाडून पाडून तिचा जीव काढला, आणि आता ती आपल्या ताहेरकडे येऊन पडली आहे. ताहेर म्हणजे बंदराच्या रस्त्यावर जुन्या लोखंडाचा धंदा करतो तो. ही करवत घ्यावी की न घ्यावी? तुम्ही भाताच्या गिरणीत इंजिनापुढे उभं आयुष्य काढलंत, तेव्हा तुमच्याशिवाय विचारणार कोणाला?

पण अशी करवत घ्यायची वेळच का आली, हे तुम्ही एकाच तोंडून ऐकलं असणार, म्हणून दुसऱ्या तोंडूनही ऐका. आपल्या वखारीत लाकूड कसं चिरतात ते तुम्ही पाहिलेलं आहे. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खड्ड्यात, आणि लांब करवत दोघांनी वरखाली ओढायची. वरचा रेघ सांभाळतो. खालच्याच्या डोक्यावर भुसा पडतो. बाबा वर असायचे तेव्हा खाली मी होतो. बाबा गेले, मी वर आलो, धाकटा खाली उतरला. यात मी नवीन काय केलं? पण होळी झाली आणि एक दिवस स्वारी भर कामात खड्ड्यातून बाहेर आली. डोळे लाल, भुवया भुशाने पांढऱ्या. म्हणतो, आजपासून मी वर, तू खाली. मी म्हटलं, थोरला कोण? तर म्हणतो, भुशाला थोरला-धाकटा कळत नाही. आणि हे गिऱ्हाइकासमोर! (वाचणाऱ्याने इथे हसायचं नाही. बोलणं झकास होतं, मलाही नंतर हसू आलं, पण गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायला काय झालं होतं?) मग मी म्हटलं, वखार माझी आहे. झालं! त्याने तोंड धुतलं, बोचकं बांधलं आणि पेणच्या गाडीत जाऊन बसला.

तेव्हापासून खड्डा रिकामा. नेऱ्याहून रामू नावाचा एक गडी आणून पाहिला, पण तो ओढायच्या वेळी ढकलतो आणि ढकलायच्या वेळी पान जमवत बसतो. माझी करवत वाकवून गेला. त्यात उरणच्या झकेरियाशेठचा सागाचा ओंडका वखारीत पडून आहे. मचव्याच्या फळ्या काढायच्या आहेत. पावसाच्या आत फळ्या मिळाल्या नाहीत तर लाकूड दुसरीकडे नेतो म्हणून त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांच्या वेळेपासून त्यांच्या घरचं लाकूड आपल्याकडे येतंय, मामा.

अशा वेळी ताहेरने मला हाक मारून आत नेलं. कोपऱ्यात, ताडपत्र्यांच्या ढिगाऱ्यातून इंजिन डोकावत होतं, आणि इंजिनाला एक भक्कम मूठ. तो म्हणाला, "काशीरामभाई, एक आदमी, एक मशीन. आता दुसऱ्याची मिन्नत करायला नको." माझ्या कानात घंटा वाजली. (वाचणाऱ्याने हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावं: दुसऱ्याची मिन्नत करायला नको.) म्हणजे कोणी पेणला बसू दे, पेणलाच म्हातारा होऊ दे, काशीरामचं काही अडत नाही. तोऱ्यात निघालो. पण घरी पोचेपर्यंत दुसराच विचार डोक्यात आला. मशीन आलं की खड्डा बुजवायचा, आणि खड्डा बुजवला की त्याने परत यायचं कशाला आणि उभं राहायचं कुठे? हे मी कोणाला बोललो नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. जीव असा टांगणीला लागला की जेवण जाईना, आणि तुमची भाचेसून म्हणते आमटीत काय कमी आहे ते सांगा.

परवा ताहेर बैलगाडीत घालून मशीन वखारीत घेऊन आला, चालवून दाखवायला. गोणपाटं सोडली आणि माझा चेहराच उतरला. इंजिनाच्या बाजूला एक मूठ, मधे पुरुषभर लांब पातं, आणि पात्याच्या पार त्या टोकाला दुसरी मूठ! मी म्हटलं, ताहेर, हे काय? तो जरा खाकरला आणि म्हणाला, "ती होय? ती मोठ्या लाकडाला कधीमधी लागते." मी म्हटलं, आणि लहान लाकूड? तर म्हणतो, लहान लाकडाला एवढं मशीन कोण आणतं? म्हणजे बघा मामा! दुसऱ्या माणसाच्या कटकटीतून सुटायला जी करवत घ्यायची, तिलाच माणसं दोन लागतात. (आत्ता हस. मोकळेपणी हस.)

पण आणलंय तर बघू, म्हटलं. आता दुसरी मूठ धरणार कोण? ताहेरची कंबर धरलेली. आपला गाडीवाला दयाराम जवळ आला, मुठीला बोट लावलं आणि मागे सरला. घरी बायको पोटुशी आहे, असल्या वस्तूला हात लावणार नाही म्हणाला. (दयारामची बायको जड काम निघालं की पोटुशी असते हे वाचणाऱ्याला माहीत आहे.) तेवढ्यात तुमची सून जेवायला बोलवायला आली. घोळका बघितला, पदर खोचला आणि म्हणाली, "मी धरते. भाताचे भारे उचललेले हात हायत, सुटायचे नाय." मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. पण सगळे बघत होते, ताहेर दोरी ओढत होता, आणि माझ्याही मनात हावरेपणा होताच की एकदा चालताना पाहू दे.

इंजिन सुरू होईना. ताहेरने ओढली, मी ओढली, दयारामने लांबूनच सल्ले दिले. ताहेरने कसलीशी नळी फुंकली, पुन्हा ओढली, आणि असा आवाज फुटला की वखारीवरचे कावळे उठले आणि बैल गाडीसकट रस्त्याला लागले. (गाडी सापडली. काळजी नसावी.) ऐनाच्या एका वाकड्या ओंडक्यावर आम्ही पातं टेकवलं. मामा, खोटं नाही सांगत, लोण्यात सुरी जावी तसं ते लाकडात गेलं. भुसा पायांवर उडत होता, माझ्याही आणि तिच्याही. मी खूश. आणि अर्ध्यावर गेल्यावर ओंडका बसला, खाच मिटली आणि पातं अडकलं.

इंजिन हळू करायला वेगाचा खटका सोडला, तर तो वर येईना. अडकून बसला. इंजिन पिसाळल्यासारखं ओरडतंय, पातं लाकडात थरथरतंय, आणि मी मूर्खासारखा सगळा जोर लावून उपटलं. ते निघालं एकदम! साखळी हवेत मोकळी, आणि सगळं धूड फिरलं ते तिच्या पायांकडे. तिने मूठ सोडली असती तर ते टोक खाली पडलं असतं, संपलं असतं. पण तिला वाटलं सोडलं तर मशीन मोडेल, म्हणून तिने आणखी घट्ट धरलं. मला ओरडायचं होतं. आता तुम्हीच सांगा मामा, काय म्हणून ओरडू? लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, त्यानंतर मी तिचं नाव कधी तोंडाने घेतलंय? आपल्यात घेतं कोण? 'अगं' म्हणावं तर 'अगं' त्या आवाजात दोन बोटंसुद्धा जात नाही. माझ्या गळ्याला करवतीवरून मारायची एकच हाक ठाऊक आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "जगन, सोड!"

आणि ती काही जगन नव्हे. तिने सोडलं नाही. (तू असतास तर 'ज' ऐकूनच सोडलं असतंस.)

वाचली ती लुगड्यामुळे. खोचलेला पदर सुटला, साखळीने तो ओढून घेतला, गरगर गुंडाळला आणि घास अडकल्यासारखा आवाज करून इंजिन बंद पडलं. ताहेर "या अल्ला, भाभी!" म्हणत धावला. तिला काहीही झालेलं नाही, एक ओरखडाही नाही. पण मामा, मी घाबरलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. ओंडक्यावर बसलो तर तंबाखू मळता येईना, चुना सगळा धोतरावर. ती फाटका पदर सावरत पुढे आली आणि एवढ्या लोकांसमोर म्हणाली, "मी काय जगनभावजी हाय? ज्याचं नाव घेतलंत त्याला आना आधी. ह्ये टोक माजं नाय." आणि जेवण निवतंय म्हणून आत गेली. तेव्हापासून पाणवठ्यावरच्या बायका मला बघितलं की एकमेकींना "जगन, सोड" म्हणून हाका मारतात. वखारीबाहेर तोंड काढायची सोय राहिलेली नाही.

तर असं आहे. मशीन वाईट नाही. खटक्याची स्प्रिंग गेली आहे, ती ताहेर बदलून देतो म्हणतो. साखळीचे दात झिजलेत, पण घासता येतील. ओरडतं फार. येता सोडून त्यापुढच्या सोमवारी खोपोलीचा कोणी ठेकेदार बघायला येणार आहे, तोवर ताहेरने मला शब्द दिलाय. इंजिनाकडची मूठ मी धरीन, पण त्या टोकाला कोणीही परका उभा राहिला तर माझ्याच्याने खटका दाबवणार नाही, हे परवा मला पुरतं कळलं. तेव्हा विचार करून, मामींना विचारून, काय तो सल्ला परतीच्या टपालाने कळवावा. डोळ्यांना जपा. शिंक आली तर नाक दाबून धरा.

तुमचा भाचा,
काशीराम

ता. क. स्प्रिंग बदलली तरी खटका पुन्हा अडकू शकतो का, हे गिरणीच्या अनुभवावरून सांगावं. शिवाय एक गोष्ट वर लिहायची राहिली. या मशीनला वरचा आणि खालचा असं काही नाही. दोघेही जमिनीवर, समोरासमोर. भुसा दोघांच्याही पायांवर.

दुसरा ता. क. (वाचणाऱ्यासाठी. रेघ सांभाळावी लागते ती इंजिनाच्या बाजूने. ती मूठ धाकट्याने घेतली तर माझी हरकत नाही. मी त्या टोकाला उभा राहीन, आणि 'सोड' म्हटलं की सोडीन.)

तिसरा ता. क. जगन, सोमवारी ते मशीन खोपोलीवाला घेऊन गेला तर जाऊ दे. वखार माझी नाही, आपली आहे. तू ये. खड्डा मी बुजवलेला नाही. या खेपेला खाली मी उतरतो.